फोटो बरोबर आहे, तरी ‘इनव्हॅलिड इमेज’ का येतं? अपलोडच्या चाळणीत नेमकं काय अडकतं?

पूर्णा तालुक्यातलं चुडावा. पूर्णा–नांदेड रेल्वेमार्गावरचं स्टेशन असलेलं गाव. समजा, इथल्या एका मुलीची नुकतीच बारावी झाली आहे. प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा, नॉन-क्रिमिलेअर हवं. घरचा मोबाईल आहे, नेट आहे, भावाने भिंतीसमोर उभं करून चांगला फोटो काढून दिला आहे. नाव भरलं, पत्ता भरला, ओटीपी आला. शेवटी फोटो जोडला आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली : ‘इनव्हॅलिड इमेज’.

फोटो पुन्हा काढला. पुन्हा तेच. फाईलचं नाव बदललं, पुन्हा तेच. मग कुणीतरी सांगतं, "साईट डाऊन असेल, रात्री बारानंतर टाक." कुणी म्हणतं, "नांदेडला जा, तिथला कॅफेवाला करून देतो." म्हणजे भाडं, फॉर्मचे पैसे आणि एक दिवस. प्रवेशाची शेवटची तारीख जवळ आली असेल, तर तो एक दिवस फार महाग पडतो.

गंमत अशी की फोटोत काहीच वाईट नसतं. तो एका आकड्याने, एका अक्षराने किंवा समोरच्या कोडमधल्या एका शब्दाने अडकलेला असतो. तो नेमका कुठे अडकतो, ते फोटो टाकणाऱ्याने कसं ओळखायचं आणि कोड लिहिणाऱ्याने कुठे बघायचं, ते आज समजून घेऊया.

खरेदी केंद्राचा काटा आणि वेबसाईटची चाळणी

सोयाबीन हमीभाव केंद्रावर नेलं की ते थेट काट्यावर जात नाही. आधी कागद बघतात. मग ओलावा मोजतात, तो १२ टक्क्यांच्या आत असावा हा नेहमीचा निकष. मग माती-कचरा किती, दाणे किडके किती हे बघतात. यातल्या कुठल्याही टप्प्यावर माल परत येऊ शकतो. पण परत येताना शेतकऱ्याला कारण कळतं : ओलावा १४ निघाला. तो दोन दिवस ऊन देतो आणि पुन्हा घेऊन येतो.

वेबसाईटवर फोटो टाकला की त्याचीही अशीच तपासणी होते. तिला ‘व्हॅलिडेशन’ म्हणतात. साधारण हे प्रश्न विचारले जातात :

१. फाईल सर्व्हरपर्यंत पूर्ण पोचली का?
२. तिचं वजन, म्हणजे केबी, ठरलेल्या मर्यादेत आहे का?
३. नावाच्या शेवटी चालणारं एक्स्टेन्शन आहे का?
४. आत खरोखर फोटोच आहे का?
५. लांबी-रुंदी, म्हणजे पिक्सेल, नियमात बसतात का?

पाच प्रश्न, पाच वेगळी कारणं. पण बऱ्याच वेबसाईट या पाचांसाठी एकच वाक्य दाखवतात : ‘इनव्हॅलिड इमेज’. ओलावा किती निघाला ते न सांगता माल परत पाठवण्यासारखंच हे झालं. सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

एका पिक्सेलचं गणित

आधी एक खरं उदाहरण घेऊ. राज्य सरकारचं ‘आपले सरकार’ पोर्टल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येणाऱ्या सेवा इथून ऑनलाईन मागता येतात. तिथे नोंदणी करताना फोटोसाठी नियम दिलेला असतो : जेपीईजी फाईल, वजन ५ ते २० केबी, रुंदी १६० पिक्सेल, उंची २०० ते २१२ पिक्सेल.

आता तुमच्या मोबाईलकडे बघा. साध्या फोनचा कॅमेराही १२ मेगापिक्सेलचा फोटो काढतो. उभा धरला तर ३००० बाय ४०००, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. पोर्टलला हवेत १६० बाय २००, म्हणजे ३२ हजार. तुमचा फोटो मागणीच्या ३७५ पट मोठा आहे. वजनही दोन-चार एमबी, आणि मर्यादा २० केबीची.

ठीक आहे, फोटो लहान करू. कुठल्याही ॲपमध्ये रुंदी १६० टाकली की उंची आपोआप त्याच प्रमाणात कमी होते. मोबाईलच्या फोटोचं प्रमाण असतं ३ बाय ४. तेव्हा १६० गुणिले ४ भागिले ३. उत्तर २१३.

आणि नियम आहे २१२ पर्यंत.

म्हणजे मुलीने सगळं नीट केलं, रुंदी मोजून १६० ठेवली, तरी फोटो बरोबर एका पिक्सेलने बाहेर राहिला. डोळ्यांनी बघून हे कुणालाही कळणार नाही. समोरून ‘उंची २१३ आहे, २१२ पर्यंत चालेल’ असं वाक्य आलं, तरच उलगडा होतो.

यावर तोडगा सोपा आहे. लहान करण्याआधी फोटो ४ बाय ५ प्रमाणात क्रॉप करा. इन्स्टाग्रामवर उभी पोस्ट टाकताना जे प्रमाण वापरता तेच. मोबाईलच्या काही गॅलरीत क्रॉपमध्ये ते तयार असतं. ४ बाय ५ चा फोटो १६० रुंदीला आणला की उंची बरोबर २०० येते. फोटो ओढून-ताणून बसवू नका. चेहरा चपटा होतो आणि मग तपासणारा माणूस तो नाकारू शकतो.

केबीचा घोळ : जास्त चालत नाही, कमीही चालत नाही

वजनाला वरची मर्यादा का असते, ते लक्षात येतं. लाखो लोकांचे फोटो साठवायचे असतात. पण खालची मर्यादा कशाला? फोटो फार दाबला की चेहऱ्यावर चौकोन चौकोन दिसायला लागतात आणि माणूस ओळखू येत नाही. म्हणून बँक भरतीच्या आयबीपीएसच्या अर्जातही दोन्ही टोकं दिलेली असतात : फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. घाबरून फोटो ८ केबीवर आणणारा उमेदवार तिथेही अडकतो.

पिक्सेल आणि केबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे पक्कं करून घ्या. पिक्सेल म्हणजे शेताचं क्षेत्र, केबी म्हणजे त्यातून भरलेल्या पोत्यांचं वजन. १६० बाय २०० च्या फोटोत ३२ हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाईट धरले तर ९६ हजार बाईट होतात. जेपीईजी ते दाबून २० केबीच्या आत आणतं. किती दाबायचं, हे ‘क्वालिटी’ या आकड्यावर ठरतं. म्हणून क्रम असा ठेवा : आधी क्रॉप, मग पिक्सेल, शेवटी क्वालिटी.

आणखी एक छुपा घोळ आहे. एक केबी म्हणजे १००० बाईट की १०२४? दोन्ही पद्धती वापरात आहेत. २०,३०० बाईटची फाईल विंडोजच्या हिशोबाने १९.८ केबी भरते. कोड लिहिणाऱ्याने मर्यादा २०,००० बाईट अशी लिहिली असेल, तर हीच फाईल नापास. वापरणारा म्हणतो, "१९.८ दाखवतंय की!" त्याचं बरोबर आहे आणि कोडचंही बरोबर आहे. फक्त दोघांचा शेर वेगळा आहे. म्हणून मर्यादेच्या अगदी काठावर राहू नका. २० सांगितले असतील तर १५-१८ वर थांबा.

पोत्यावरचं नाव आणि पोत्यातला माल

फाईलच्या नावातल्या टिंबानंतरची अक्षरं म्हणजे एक्स्टेन्शन. जेपीजी, पीएनजी, पीडीएफ. हे पोत्यावर रंगवलेल्या नावासारखं असतं. हरभऱ्याच्या पोत्यावर ‘सोयाबीन’ लिहिलं म्हणून आतला माल बदलत नाही. तसंच पीएनजी फाईलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहिलं, तरी आत पीएनजीच राहतं.

मग आतला माल कसा ओळखतात? फाईलचे पहिले काही बाईट बघून. जेपीईजी फाईल नेहमी ‘एफएफ डी८ एफएफ’ या बाईटनी सुरू होते. पीएनजीच्या पहिल्या बाईटनंतर चक्क ‘पीएनजी’ ही तीन अक्षरं असतात. पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी सुरू होते. ही त्या फाईलची जन्मखूण. नाव बदलता येतं, ही खूण नुसतं नाव बदलून जात नाही.

आपल्याकडे या टप्प्यावर अडकणारे प्रकार ठरलेले आहेत :

आयफोनचा फोटो. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं, तेव्हापासून आयफोन फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, पण जेपीईजी मागणाऱ्या फॉर्मला तो चालत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपीईजीमध्ये निघतात.

नेटवरून उतरवलेलं चित्र. ते बऱ्याचदा वेबपी असतं. गूगलने २०१० मध्ये आणलेला हा प्रकार. नावात जेपीजी करून भागत नाही, ॲपमध्ये उघडून जेपीईजी म्हणून पुन्हा सेव्ह करावं लागतं.

जेपीजी की जेपीईजी? दोन्ही एकच. जुन्या कॉम्प्युटरवर एक्स्टेन्शन तीन अक्षरांचंच चालायचं, म्हणून ‘ई’ गळाला. पण कोडमध्ये फक्त ‘जेपीजी’ची परवानगी लिहिली असेल, तर ‘जेपीईजी’ नावाचा अस्सल फोटो दारातून परत जातो. कॅमेऱ्यातून आलेल्या फाईलचं एक्स्टेन्शन मोठ्या लिपीत असेल आणि कोड लहान लिपी शोधत असेल, तरी तेच. विंडोजवर ब्राउझरमधून सेव्ह केलेला फोटो कधी कधी ‘जेएफआयएफ’ होऊन बसतो. तोही आतून जेपीईजीच असतो.

व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेला फोटो. त्याच्या नावात तारीख असते आणि वेळही, टिंबं देऊन लिहिलेली : १० टिंब ३० टिंब १५, आणि शेवटी टिंब जेपीईजी. आता एखाद्या कोडने पहिल्या टिंबानंतरचा तुकडा हेच एक्स्टेन्शन समजलं, तर त्याच्या हाती लागतं ‘३०’. ‘३०’ नावाचा कुठला फोटो असतो? म्हणून इनव्हॅलिड. शेवटच्या टिंबानंतरचा तुकडा घ्यायला हवा होता. वापरणाऱ्याने फाईलचं नाव साधं केलं, तरी हे काम होऊन जातं.

कोड लिहिणारे कुठे चुकतात?

हा भाग गावातल्या पतसंस्थेची, शाळेची किंवा कॉलेज प्रोजेक्टची वेबसाईट बनवणाऱ्यांसाठी. पण फोटो टाकणाऱ्यांनीही वाचा. चूक आपली नव्हती, हे कळल्यावर जीव भांड्यात पडतो.

एक : ‘किंवा’ आणि ‘आणि’. सगळ्यात जास्त सापडणारी चूक. कोडमध्ये लिहिलेलं असतं : ‘प्रकार जेपीजी नसेल किंवा प्रकार पीएनजी नसेल, तर फाईल नाकारा.’ ऐकायला बरोबर वाटतं. आता मोंढ्यात उभे राहून तेच म्हणा : ‘सोयाबीन नसेल किंवा हरभरा नसेल, तर गाडी परत पाठवा.’ सोयाबीनची गाडी आली. ती हरभरा नाही, म्हणजे परत. हरभऱ्याची आली. ती सोयाबीन नाही, तीही परत. दिवसभरात एकही गाडी आत जाणार नाही. इथे ‘किंवा’च्या जागी ‘आणि’ हवं : सोयाबीन नसेल आणि हरभराही नसेल, तर परत. एका शब्दाने अख्खा फॉर्म बंद पडतो. कुठलाच फोटो जात नसेल, तर पहिली शंका याच ओळीवर घ्या.

दोन : फाईल पोचलीच नाही, आणि आपण तिचा प्रकार तपासतोय. पीएचपीमध्ये एका फाईलची मर्यादा मुळात २ एमबी ठेवलेली असते. कुणी ४ एमबीचा फोटो टाकला, तर पीएचपी तो घेतच नाही आणि फक्त चुकीचा क्रमांक देतो : १. हा क्रमांक न बघता कोड थेट ‘ही फाईल फोटो आहे का?’ असं विचारतो. हातात फाईलच नाही, मग उत्तर येतं ‘नाही’. वापरणाऱ्याला दिसतं : ‘ही इमेज नाही’. तो बिचारा जेपीजीचं पीएनजी, पीएनजीचं जेपीजी करत बसतो. खरं कारण वजन होतं.

म्हणून पहिली ओळ नेहमी या क्रमांकाची. शून्य म्हणजे सगळं ठीक. १ म्हणजे सर्व्हरची मर्यादा ओलांडली. २ म्हणजे फॉर्ममध्ये लिहिलेली मर्यादा ओलांडली. ३ म्हणजे फाईल अर्धवट आली. ४ म्हणजे फाईल निवडलीच नाही. ६ आणि ७ म्हणजे सर्व्हरवर तात्पुरती जागा नाही किंवा डिस्कवर लिहिता येत नाही, यात वापरणाऱ्याचा काही दोष नाही. ८ म्हणजे पीएचपीच्या एखाद्या एक्स्टेन्शनने अपलोड थांबवलं.

तीन : सगळा फॉर्मच रिकामा. फोटो आणि बाकी माहिती मिळून एकूण वजन पीएचपीच्या दुसऱ्या मर्यादेवर गेलं, तर नाव, पत्ता, फोटो सगळंच रिकामं पोचतं. ही मर्यादा मुळात ८ एमबीची असते. मग ‘नाव भरा’ असा संदेश येतो, नाव भरलेलं असूनही. पुढे एनजिनएक्स सर्व्हर असेल तर तिथे आणखी एक दार आहे, मूळ मर्यादा फक्त १ एमबीची. ती ओलांडली की ४१३ क्रमांकाची चूक येते आणि तुमच्या कोडपर्यंत काही पोचतच नाही. पीएचपीची मर्यादा वाढवून उपयोग होत नसेल, तर हे दार तपासा.

चार : फॉर्मलाच फाईल पाठवता येत नाही. एचटीएमएल फॉर्मवर ‘मल्टिपार्ट’ हा प्रकार लिहायचा राहिला, तर फाईलचं फक्त नाव जातं, फाईल जात नाही. नवशिक्याचा अर्धा दिवस यात जातो.

पाच : ब्राउझरवर विश्वास. फाईलसोबत ब्राउझर तिचा प्रकारही कळवतो. पण हा प्रकार तो साधारणपणे एक्स्टेन्शनवरून ठरवतो आणि वाईट हेतूचा माणूस तो सहज बदलू शकतो. आत काय आहे, ते सर्व्हरवर स्वतः बघायला हवं.

सहा : तपासणारं साधनच जुनं. पायथनमध्ये चित्राचा प्रकार ओळखायला ‘आयएमजीएचडीआर’ नावाचं जुनं मॉड्यूल होतं. ते जेपीईजी ओळखताना ठराविक जागी ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ ही अक्षरं शोधायचं. काही सॉफ्टवेअरमधून निघालेल्या धडधाकट जेपीईजीत ती तिथे नसतात. मग अस्सल फोटोलाही ते ओळख देत नसे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पायथन ३.१३ मधून ते काढूनच टाकलं. त्यामुळे जुना कोड नव्या पायथनवर चालवला, तर सुरुवातीलाच कोसळतो. त्याऐवजी पिलोसारखी लायब्ररी वापरतात, जी फोटो खरोखर उघडून बघते.

सात : उभा फोटो आडवा निघतो. अनेक फोन उभा काढलेला फोटोही आडवाच साठवतात आणि सोबत एक टीप ठेवतात : दाखवताना ९० अंशांत फिरवा. ही टीप ‘एक्झिफ’ माहितीत असते. गॅलरी ती वाचते, पण तुमचा कोड वाचत नसेल तर त्याला रुंदी ४००० आणि उंची ३००० दिसते. मग ‘फोटो उभा हवा’ म्हणून तो नाकारतो. वापरणाऱ्याला मात्र फोटो उभाच दिसत असतो. उपाय : पिक्सेल मोजण्याआधी ती टीप वाचून फोटो फिरवून घ्या.

आठ : अर्धवट फाईल. रेंज मध्येच गेली तर फाईलची सुरुवात पोचते, शेवट पोचत नाही. जन्मखूण बरोबर असल्याने ती तपासणीत पासही होते. पण जेपीईजी फाईल ‘एफएफ डी९’ या बाईटनी संपायला हवी, ते नसतं. असा फोटो उघडला की खालचा भाग राखाडी दिसतो. म्हणून फक्त सुरुवात बघून भागत नाही, पूर्ण फोटो उघडून बघायला हवा.

मग तपासणी काढूनच टाकली तर?

वैतागून असं वाटणं साहजिक आहे. पण ही चाळणी उगाच नाही. फोटोच्या नावाखाली कुणी सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम टाकला आणि सर्व्हरने तो चालवला, तर सगळ्यांचे आधार, बँक खाती, पत्ते उघडे पडू शकतात. एसव्हीजी हा चित्राचाच प्रकार, पण त्याच्या आत स्क्रिप्ट लिहिता येते. २०१६ मध्ये इमेजमॅजिक या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात मोठं भगदाड सापडलं होतं. खास बनवलेलं चित्र अपलोड करून सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. त्याला ‘इमेजट्रॅजिक’ असं नाव पडलं.

आणखी एक युक्ती आहे. १०,००० बाय १०,००० पिक्सेलची एकरंगी पीएनजी दाबून अगदी लहान होते. पण उघडली की मेमरीत ३० कोटी बाईट लागतात. अशा दहा-वीस फाईल एकदम आल्या तर लहान सर्व्हर झोपतो. म्हणून केबीसोबत पिक्सेलवरही मर्यादा हवी, आणि ती फोटो पूर्ण उघडण्याआधी तपासायला हवी.

चांगली पद्धत अशी : फाईल पोचल्याची खात्री, मग वजन, मग आतली खूण, मग पिक्सेल, मग फोटो पूर्ण उघडून नव्याने जेपीईजीत सेव्ह करणं. नव्याने सेव्ह करताना आत लपवलेला इतर मजकूर आणि लोकेशनची माहिती ठेवू नये. फाईलला स्वतःचं नवं नाव द्यावं आणि जिथे प्रोग्राम चालत नाही अशा जागी ती ठेवावी. आणि शक्य असेल तर मोठा फोटो नाकारण्याऐवजी वेबसाईटनेच तो लहान करून घ्यावा. १ कोटी २० लाख ठिपक्यांचे ३२ हजार करणं हे मशीनला क्षणाचं काम आहे. ते माणसावर का टाकायचं?

एक चांगलं वाक्य किती काम वाचवतं

‘इनव्हॅलिड इमेज’ऐवजी ही वाक्यं वाचा :

‘फोटो ३.८ एमबी आहे. २० केबीपर्यंत चालेल.’
‘फोटोची उंची २१३ पिक्सेल आहे. २०० ते २१२ हवी.’
‘ही फाईल एचईआयसी प्रकारची आहे. जेपीईजी हवी.’
‘फाईल अर्धवट पोचली. पुन्हा अपलोड करा.’

चारही वाक्यांत दोन गोष्टी आहेत : तुमच्याकडे काय आहे आणि आम्हाला काय हवं. यात सुरक्षेचं कुठलंही गुपित फुटत नाही. पण वाचणारा पुढच्या दोन मिनिटांत चूक दुरुस्त करू शकतो, नांदेडची वारी वाचते. ही वाक्यं मराठीत असली तर आणखी बरं.

तुमचा फोटो अडकला, तर हे करा

१. फॉर्मवरचा नियम आधी वाचा आणि लिहून घ्या : प्रकार, केबी, पिक्सेल. नियम बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या व्हिडिओवर जाऊ नका, त्याच पानावर बघा.

२. गॅलरीत फोटो उघडून ‘डिटेल्स’ बघा. प्रकार, वजन आणि पिक्सेल तिथेच दिसतात. नियमाशी एकेक जुळवा. बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो.

३. योग्य प्रमाणात क्रॉप करा, मग रुंदी ठरवा, शेवटी क्वालिटी कमी करून वजन आणा. कॉम्प्युटरवर पेंटमध्येही पिक्सेल देऊन फोटो लहान करता येतो.

४. ॲपमधून जेपीईजी म्हणून सेव्ह करा. नुसतं नाव बदलू नका.

५. फाईलचं नाव लहान आणि साधं ठेवा. मधे टिंबं, कंस, मोकळ्या जागा नकोत.

६. तरीही जात नसेल तर दुसऱ्या कुठल्याही साध्या जेपीईजीने करून बघा. तोही नाकारला गेला, तर दोष बहुधा समोरच्या बाजूला आहे. स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह ठेवा. मुदत हुकली तर दाद मागताना तो कामी येतो.

आणि एक महत्त्वाचं. ‘फोटो २० केबी करा’ असं शोधल्यावर अनेक फुकट वेबसाईट दिसतात. साधा फोटो एकवेळ ठीक, पण आधार, पॅन, पासबुक आणि सही कुठल्याही अनोळखी साईटवर लहान करायला टाकू नका. एकदा तिथे चढवलेली फाईल पुढे कुठे जाते, ते आपल्या हातात राहत नाही. फोनमधल्या गॅलरीत किंवा कॉम्प्युटरवरच्या पेंटमध्ये हे काम होतं, तेही नेटशिवाय. आणि झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात फॉर्म भरला, तर उठण्याआधी आपल्या फाईली त्या कॉम्प्युटरवरून पुसायला सांगा, डाऊनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्हींतून.

चुडाव्याच्या त्या मुलीला नवा फोटो काढायची गरज नव्हती. तिला फक्त एक पिक्सेल कमी करायचा होता. तो कुठला, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. तुमच्या ओळखीत कुणी फॉर्म भरत असेल तर ही माहिती त्याच्यापर्यंत पोचवा. आणि कुणी वेबसाईट बनवत असेल, तर त्याच्यापर्यंत नक्कीच.